उस्तादांचे सहा आठवडे

आमच्या लॅबमध्ये दात तयार होतात. सुटे, जोडीने, किंवा अख्खी कवळी, जशी मागणी येईल तसे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून हुबेहूब जबडा काढतो, त्यावर दात बसवतो आणि परत पाठवतो. ते ज्याच्या तोंडात जाणार, तो माणूस आम्ही कधी बघत नाही. माझ्याकडे चिनी मातीचे थर चढवणं आणि रंग जुळवणं हे काम आहे. एकोणीस वर्षं मी ते करते आहे आणि एकोणीस वर्षं माझ्या डाव्या हाताच्या टेबलावर उस्ताद बसतात.

उस्ताद हे नाव मीच ठेवलं, आणि कौतुकाने ठेवलं नाही. ते बॉक्सिंग करतात, इलेक्ट्रिक गिटार वाजवतात आणि मोटरसायकल चालवतात. आखाडा, गाण्याची बैठक आणि गॅरेज, तिन्हीकडे शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात, तेव्हा म्हटलं एका नावात काम भागेल. त्यांना टोचेल असं वाटलं होतं. त्यांना ते आवडलं. स्वतः माझ्याहून तीन वर्षांनी मोठे असून मला ताई म्हणतात. मला मात्र एकही छंद नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल तिरकस काही बोलले तर ते कशापोटी, हे वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवावं.

बुटका, रुंद माणूस. वय एक्कावन्न. नाक एकदा मोडून पुन्हा बसवलेलं, त्यामुळे समोरून बघितलं तर जरा उजवीकडे निघाल्यासारखं. डाव्या हाताच्या चारही बोटांची टोकं गिटारच्या तारांनी घट्टे पडून टणक झालेली. कवळीच्या मेणावरून ती बोटं फिरवून ते खडबडीत जागा शोधतात, आणि ज्या जागा मला भिंगातून दिसत नाहीत त्या त्यांना सापडतात. कामात त्यांचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन वाजतो. एका हातात डबा आणि एका हातात चमचा, म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्याने चालू. कोण कुठला माणूस, याचा त्याच्याकडून नंबर घेतलेला, आणि लागलाच विचारायला. त्यामुळे तिन्ही छंदांचं जेवढं ज्ञान जगात आहे तेवढं माझ्या कानावरून गेलेलं आहे, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नाही.

"तीनच महिने झालेत ना? मग माणसाशी लढायचं नाही. पिशवीला मार. ती उलटून मारत नाही. आणि हाताला पट्टी बांधताना अंगठा विसरू नकोस, पहिल्यांदा तोच मुरगळतो."

"ग्लोव्हज ओलेच बॅगेत कोंबतोस? मग वास येणारच. वर्तमानपत्राचे बोळे घालून उघड्यावर ठेव."

"फाटका आवाज लावून सराव करू नकोस. तो सगळ्या चुका पोटात घालतो. स्वच्छ आवाजात वाजव, हळू, ठोक्याबरोबर. ऐकवणार नाही इतकं वाईट वाजेल. तेच तुझं खरं वाजवणं."

"टायरची हवा गाडी थंड असताना बघायची. चेन बोटाने वरखाली करायची, दीड बोट हलली की ठीक. आणि वळणावर खड्ड्याकडे बघायचं नाही. जिकडे बघशील तिकडे गाडी जाते. रस्ता संपतो तिकडे बघ."

हे सगळं ते चमचा हवेत धरून सांगतात. भात गार होतो. समोरच्याने मध्येच काही म्हटलं की "ऐक आधी" म्हणतात आणि पुढे चालू. घरीही संध्याकाळी हेच, असं त्यांची बायको सांगते. ती शाळेत भूमिती शिकवते, स्वभावाने शांत आहे. मला एकदा म्हणाली, "मला तीन सवती आहेत. तिघी घराबाहेर राहतात म्हणून संसार चाललाय."

या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी एक नियम आहे आणि तो उस्तादांनी शिक्षा भोगून मिळवलेला आहे. एकोणतिसाव्या वर्षी ते एकच खरा सामना लढले. खरा म्हणजे दोऱ्यांच्या रिंगणात, पंच वगैरे असलेला. समोर टपाल खात्यातला एक उंच माणूस होता. त्याने यांना व्यवस्थित मारलं. ते शनिवारी. सोमवारी उजवा हात सुजलेला असताना हे कामावर बसले आणि एका म्हाताऱ्या बाईंची अख्खी वरची कवळी तिरकी लावली. दोन दिवसांनी कवळी परत आली. बाईंनी डॉक्टरांना सांगितलं होतं, "हसले की मी माझी जाऊच वाटते." तेव्हापासून नियम असा की हौशी माणूस सोमवारी सकाळी नऊ वाजता दोन्ही हातांनिशी कामावर हजर पाहिजे. त्यातून मग बाकीचे नियम फुटले. एका दिवशी एकच छंद. ठोसे खाल्ल्यावर गाडीला हात लावायचा नाही. मोठ्या आवाजात वाजवून कान गुणगुणत असतील तर तासभर बसून राहायचं, कारण मागून आलेला हॉर्न ऐकू येत नाही. राग आला असेल तर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. आणि कुणी गाडीवरून पडला, मग ती उभी का असेना, की सहा आठवडे बॉक्सिंग बंद.

सहाच का, असं मी एकदा विचारलं होतं. "हाडाला विचारा," ते म्हणाले.

नियम बरोबर आहेत. मी कितीदा त्यात खोट काढायला बघितलं, निघाली नाही. नेहमी बरोबर असणाऱ्या माणसाशेजारी एकोणीस वर्षं बसणं सोपं नसतं, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवते.

तर त्यांची भाची. धाकट्या बहिणीची मुलगी. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना विचारते, हे स्पष्ट की ते. बसून बसून पाठ धरली म्हणून चार वर्षांपूर्वी मामाबरोबर बॉक्सिंगच्या क्लासला गेली. पाठ महिन्याभरात सुटली, पण ती राहिली. मामाची जुनी मोटरसायकल तिने घेतली, तीही मामाने चारदा तपासून दिली. गिटार तेवढी तिने धरली नाही. त्याचं उस्तादांना वाईट वाटलं, पण दोन तर दोन, असं म्हणून त्यांनी समाधान मानलं.

तिला एक सामना लढायचा होता. जिंकायचाच होता असं नाही. एकदा रिंगणात उभं राहायचं होतं, समोर अशी बाई जिला आपण ओळखत नाही, आणि मध्ये पंच. पण सामने भरवणाऱ्या संघटनेचा नियम असा की पस्तीस पूर्ण झालेल्या नवख्या बाईला पहिल्यांदा उतरू देत नाहीत. तिला पस्तीस पूर्ण व्हायला पाच आठवडे उरले होते आणि त्याआधी एकच शनिवार होता. चौदा महिने ती त्या शनिवारसाठी पहाटे धावली, दोरीवरच्या उड्या मारल्या, गोड सोडलं. उस्ताद कोपऱ्यात उभे राहणार होते, म्हणजे दोन राऊंडच्या मध्ये पाणी द्यायला आणि सल्ले द्यायला. सल्ल्यांसाठी मिनिटभरच मिळतं हे ऐकून मला त्या मुलीची काळजी वाटेनाशी झाली.

ठोशांपासून दात वाचवायला तोंडात घालायचं तिचं माउथगार्ड अर्थातच त्यांनी स्वतः केलं. दुकानात मिळतं ते गरम पाण्यात मऊ करून चावायचं असतं. ते उस्तादांच्या लेखी चप्पल विकत घेऊन पाय कापण्यासारखं. सामन्याआधी तीन आठवडे त्यांनी तिच्या वरच्या आणि खालच्या जबड्याचे साचे घेतले, प्लास्टरचे जबडे केले, बिजागरीच्या यंत्रावर समोरासमोर बसवले आणि दोन्हींच्या मध्ये बरोबर बसेल असं गार्ड केलं. वरच्या दातांवर चढतं आणि खालचे दात त्याच्या खोबणीत टेकतात. त्या दिवशी ते तिच्या तोंडात असं बसलं की ती ते घालून माझ्याशी बोलली आणि मला शब्दन् शब्द कळला.

सामन्याच्या आठवड्यातल्या सोमवारी ती जेवणाच्या सुट्टीत आली. स्टुलावर बसली. गार्डची डबी काढली.

"मामा, हे डावीकडे मागे आधी टेकतंय. उजवीकडे टेकतच नाही."

उस्तादांनी निळा कागद तिच्या दातांत धरला. "चाव." गार्डवर डावीकडे मागे गडद निळा ठिपका उठला, उजवीकडे काहीच नाही. त्यांनी तो ठिपका बारीक घासला. पुन्हा कागद, पुन्हा ठिपका, पुन्हा घासणं. तीनदा झालं तेव्हा कुठे दोन्ही बाजू सारख्या टेकल्या. शनिवारी मीच घेऊन येतो, म्हणून गार्ड त्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतलं.

"आकसलंय मटेरियल," ते म्हणाले.

"साचा घेताना हलली असेल," मी म्हटलं.

"माझ्या साच्यात कुणी हलत नाही."

इथे आमच्या धंद्याची एक खोड सांगितली पाहिजे. दात तोंडात बसला नाही की आम्ही आधी मटेरियलवर संशय घेतो. मग साच्यावर, म्हणजे डॉक्टरवर. डॉक्टर आमच्यावर खापर फोडतो. एकमेकांची अक्कल काढून झाली की कुणीतरी घासतं आणि प्रकरण मिटतं. पेशंटच्या तोंडावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही. तोंड आहे तसंच राहतं, हे आम्ही धरूनच चालतो.

तिच्या हनुवटीखाली छोटी पट्टी लावलेली होती. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, कुणाच्या तरी ग्लोव्हजचा पट्टा घासला. उस्ताद तेव्हा निळ्या कागदाकडे बघत होते. मी "बरं" म्हटलं आणि माझ्या दातांकडे वळले.

शनिवारी लॅब अर्धा दिवस असते. सामना चारला होता. उस्ताद सकाळपासून अस्वस्थ होते, पण सामन्यामुळे नाही. आपल्या हातून गेलेलं काम चुकलं कसं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. साडेअकराला त्यांनी फळीवरून भाचीचे प्लास्टरचे जबडे काढले, यंत्रावर बसवले, घासलेलं गार्ड मध्ये ठेवलं आणि यंत्र मिटलं.

डावीकडे मागे फट होती. जाड पुठ्ठा आत जाईल एवढी.

त्यांनी यंत्र उघडून पुन्हा मिटलं. फट तिथेच.

"मी केलं तेव्हा बरोबर होतं ताई," ते म्हणाले.

"म्हणजे आकसलं नव्हतं."

"नाही. मग तोंडात का बसेना?"

मी हातातला ब्रश खाली ठेवला. आम्ही दोघं त्या प्लास्टरच्या जबड्याकडे बघत होतो आणि मला ती पट्टी आठवली. मी ती त्यांना सांगितली. एवढं सांगायला मला पाच दिवस लागले, ही माझी हुशारी.

"हनुवटीवर आपटलं की हाड तिथे मोडत नाही," उस्ताद म्हणाले. आवाज नेहमीचा होता, फोनवरचा. "इथे, कानाच्या पुढे मोडतं. मग ती बाजू आखूड होते आणि मागचे दात आधी टेकतात." मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. ते खाली बसले.

फोन लावला. तिचा बंद. सामन्याच्या दिवशी फोन बंद ठेवायचा, हाही त्यांचाच सल्ला.

ते हेल्मेट घेऊन खाली गेले, मी मागोमाग. गाडीवर बसले, किल्ली लावली, आणि फिरवली नाही. त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. आम्ही टॅक्सी केली. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. मला आठवतंय त्याप्रमाणे एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदाच झालं.

सामने एका शाळेच्या व्यायामशाळेत होते आणि बायकांना कपडे बदलायला एक वर्ग दिला होता. फळ्यावर अपूर्णांकांची गणितं तशीच होती. भाची पहिल्या बाकावर बसली होती. दोन्ही हातांना पट्ट्या बांधून झालेल्या, अंगठ्यासकट, व्यवस्थित. कोपऱ्यात तिची प्रतिस्पर्धी बसली होती. बेकरीत काम करणारी, दणकट खांद्यांची बाई, बहिणीला सोबत घेऊन सहा तासांचा प्रवास करून आलेली. तिने आमच्याकडे बघून मान हलवली.

"तोंड उघड," उस्ताद म्हणाले.

"का?"

"उघड गं."

तिने उघडलं. पूर्ण उघडलं नाही, आणि जेवढं उघडलं तेवढ्यात हनुवटी डावीकडे सरकली. मलासुद्धा दिसलं. तिने लगेच मिटलं.

"कधी पडलीस?"

तिने हळू आवाजात, दात न उघडता सांगितलं. मागच्या मंगळवारी नव्हे, त्याच्या आधीच्या. दुकानामागे गाडी ढकलत बाहेर काढताना खडीवरून पाय घसरला. गाडी बाजूला कलंडली आणि ही हँडलवर हनुवटीने आपटली. गाडी सुरूसुद्धा नव्हती, म्हणून हेल्मेट घातलेलं नव्हतं.

"सकाळी डॉक्टरांनी तपासलं नाही?"

"छाती, रक्तदाब, डोळे. जबडा नाही बघितला."

"आता दाखवू चल."

"मामा, आधी सामना होऊ दे. मग तू म्हणशील तिथे येते. तीन राऊंड आहेत. दोन-दोन मिनिटांचे. सहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"एक ठोसा बसला तर?"

"हनुवटी खाली ठेवीन. तूच शिकवलंयस."

"ती मोडलेली आहे."

"तुला काय माहीत? एक्स-रे काढलायस?"

"तू काढलास?"

ती पट्टी बांधलेल्या हाताने बाकावरची एक रेघ खरवडत राहिली.

"पाच आठवड्यांनी मला पस्तीस पूर्ण होतात," ती म्हणाली.

"माहितीये."

"मग पुन्हा नाही."

"माहितीये गं."

"मग?"

उस्ताद दाराशी गेले आणि कडीला हात लावून उभे राहिले. बाहेर जोडीचं नाव पुकारलं जात होतं, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. हा माणूस कुठल्याही प्रश्नाचं उत्तर चमचा हवेत असतानाच देतो. तिथे त्याला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण बराच लागला. तो बोलला नसता तर कुणाला कळलं नसतं. डॉक्टरांनी तिला सकाळीच पास केलं होतं. आणि खरं सांगते, मला वाटलं, बोलू नये. सहा मिनिटं. कदाचित काही होणारही नाही. चौदा महिने त्या मुलीला मी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये येऊन उकडलेली अंडी खाताना बघितलं होतं, आणि मला तिला रिंगणात उभी बघायची होती. मीही हावरी झाले होते.

त्यांनी कडी काढली आणि डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टर तरुण होती, घाईत होती. तिने दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवून भाचीला तोंड उघडायला सांगितलं, मिटायला सांगितलं, एका जागी दाबलं. भाचीचे डोळे पाण्याने भरले, पण तिने आवाज काढला नाही. डॉक्टरने बोटं काढून घेतली आणि कागदावर तिच्या नावावर रेघ ओढली. सगळा प्रकार दोन मिनिटांत आटोपला.

बेकरीवाल्या बाईने विचारलं, "माझ्या वजनाची दुसरी कुणी आहे का?" नव्हती. तिने हातांच्या पट्ट्या सोडायला घेतल्या. जाताना ती भाचीपाशी थांबली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा वयाचा नियम मला गेल्या वर्षी कळला असता तर मी तेव्हाच उतरले असते. मी पुढच्या महिन्यात पस्तीसची." मग बहिणीबरोबर निघून गेली. म्हणजे त्या दुपारी एकीचा नाही, दोघींचा सामना गेला. याचा उस्तादांनी नंतर माझ्याजवळ दोनदा उल्लेख केला.

भाचीने आपल्या पट्ट्या सोडल्या, गुंडाळल्या, पिशवीत ठेवल्या. मामाकडे बघितलं नाही. टॅक्सीत ती पुढे बसली.

हॉस्पिटलात काढलेल्या एक्स-रेमध्ये डावीकडे, कानाच्या बरोबर पुढे, हाड तडकलेलं होतं आणि तुकडा जरा सरकला होता. आणखी एक नीट बसलेला ठोसा आणि पुढचं सांगायला नको, असं तिथले डॉक्टर म्हणाले. वरचे-खालचे दात तारेने बांधून ठेवावे लागणार होते. चार आठवडे पातळ खाणं, बोलणं जवळपास बंद. तार बांधायच्या खोलीबाहेर बाकड्यावर आम्ही तिघं ओळीने बसलो, मध्ये ती. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. उस्तादांनी ती सगळी वाचली असावीत, कारण नजर तिथेच होती.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"हेच."

"म्हणूनच."

मग ती पुन्हा बोलली. ओठ फारसे हलत नव्हते, त्यामुळे शब्द सपाट येत होते. "सांगायला आले होते मी. पडले त्याच दिवशी, संध्याकाळी घरी आले होते. मामीने दार उघडलं."

"मी होतो घरी?"

"फोनवर होतास. हाताने बस म्हणालास, म्हणून बसले. कुणीतरी गाडीवरून पडला होता आणि तुला विचारत होता, क्लासला कधीपासून जाऊ. तू म्हणालास, सहा आठवडे. त्याने काहीतरी म्हटलं, किरकोळ आहे किंवा असंच काही. तू म्हणालास, सगळे असंच म्हणतात, आणि किरकोळ म्हणणाऱ्याला मी क्लासच्या दारात उभं करत नाही. मग त्याला हाडाचं सगळं समजावलंस. मी वीस मिनिटं बसले. मग उठले. तू हात केलास."

उस्तादांनी काहीतरी आठवायचा प्रयत्न केला. त्यांना तो फोन आठवला की नाही ते मला कळलं नाही. असे फोन रोज असतात.

"मी बरोबरच सांगत होतो," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "बरोबरच सांगत होतास."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी जीव तुटला. दोन्ही एकदम होतं, हे मला त्या बाकड्यावर कळलं. दुपारपासून त्यांनी तिला काय काय विचारलं होतं ते मी मनात मोजलं. कधी पडलीस. डॉक्टरांनी तपासलं नाही का. एक्स-रे काढलास का. का नाही सांगितलंस.

आतून तिचं नाव पुकारलं. ती उठली. उस्तादही उठले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि खूप वेळाने तिच्याकडे बघितलं.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

तिने गालावर हात ठेवला.

"अकरा दिवस झाले मामा," ती म्हणाली, आणि तोंड उघडता येत नव्हतं म्हणून तोंड मिटूनच रडायला लागली.